टीएलएस लावलं आणि मेल फिल्टर रांगायला लागला: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन कोअर आणि ४ जीबी रॅमच्या व्हर्च्युअल मशीनवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा), अमाविस (मेल गाळण्यांकडे सोपवणारा), स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारा) आणि क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा) असा फिल्टर सर्व्हर आहे. बाहेरची मेल आधी इथे येते, गाळली जाते आणि मग आतल्या मुख्य मेल सर्व्हरकडे जाते. महिन्यापूर्वी एका रविवारी तुम्ही टीएलएस, म्हणजे जोडणीवरचं एन्क्रिप्शन, चालू केलं. बाहेरच्या बाजूला ऐच्छिक, आतल्या बाजूला सक्तीचं. तेव्हापासून प्रत्येक मेलमागे दहा-अकरा सेकंद जातात. फिल्टर सर्व्हरवर बसून लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशीनच्या, २५ नंबरच्या पोर्टला टेलनेट केलं (हाताने साधी जोडणी लावली) तर उत्तर ताबडतोब येतं, म्हणून संशय टीएलएसवर. सर्टिफिकेटची किल्ली ४०९६ बिटवरून २०४८ वर आणली, सायफरची (एन्क्रिप्शनच्या पद्धतींची) यादी दोनदा बदलली, फरक शून्य. सीपीयू पाच टक्क्यांच्या वर जात नाही. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की त्याच रविवारी जुना डोमेन कंट्रोलर (कार्यालयातल्या लॉगिनचा सर्व्हर) बंद करून नवा लावला.

ती शेवटची ओळ बाजूला ठेवू, तिच्याकडे परत यायचंय.

आधी सीपीयू. टीएलएस म्हणजे गणित, आणि गणिताला सीपीयू लागतो. दहा सेकंद खरोखर गणितात जात असते, तर निदान एक कोअर तरी शंभर टक्क्यांना टेकलेला दिसला असता. तो पाच टक्क्यांवर निवांत आहे. म्हणजे कुणीही काही मोजत बसलेलं नाही, कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. आजच्या साध्या सर्व्हर कोअरवर २०४८ बिटच्या आरएसए किल्लीने एक सही करायला मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळ लागतो, ४०९६ ला त्याच्या सहा-सात पट. पी-२५६ वक्रावरची ईसीडीएसए किल्ली या दोघींच्या कितीतरी पुढे पळते. विश्वास नसेल तर ओपनएसएसएलमध्येच स्पीड नावाची चाचणी आहे, ती तुमच्याच मशीनवर चालवून बघा, दोन मिनिटांचं काम. थोडक्यात, किल्ली बदलून तुम्ही फार तर पाचेक मिलिसेकंद वाचवलेत. दहा हजारांपैकी पाच. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणायची.

टीएलएसचा दुसरा खर्च फेऱ्यांचा. टीएलएस १.२ च्या पूर्ण हँडशेकला, म्हणजे सुरुवातीच्या ओळखपाळखीला, जायच्या-यायच्या दोन फेऱ्या लागतात, २०१८ मध्ये आलेल्या १.३ ला एक. त्यात एसएमटीपीची, म्हणजे मेल देण्या-घेण्याच्या भाषेची, स्वतःची बडबड असते: टीसीपीची जोडणी, बॅनर (सर्व्हरची स्वागताची ओळ), ईएचएलओ (पाठवणाऱ्याची ओळख), स्टार्टटीएलएस (टीएलएस सुरू करायची आज्ञा), मग हँडशेक, मग पुन्हा ईएचएलओ, कारण सुरक्षित झाल्यावर आधीचं सगळं विसरायचं असा नियम आहे. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत एक फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची. मेल प्रत्यक्ष द्यायच्या आधीच सहा-सात फेऱ्या झाल्या की सव्वा-दीड सेकंद गेला. हा खर्च खरा आहे आणि तो भरावाच लागतो. पण तुमचा आतला सर्व्हर त्याच रॅकमध्ये आहे, तिथे एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाचीसुद्धा नसते.

मग दहा सेकंद कुठले?

या कामात इतकी वर्षं गेल्यावर मला एक सवय लागलीय. मेल अडकली की मी आधी कॉन्फिगरेशन उघडत नाही, सेकंद नेमके किती ते विचारतो. “बराच वेळ लागतो” या उत्तराचा काही उपयोग नाही. कारण सॉफ्टवेअर जेव्हा वाट बघतं तेव्हा ते कुणीतरी आधी ठरवून ठेवलेल्या आकड्याइतकीच वाट बघतं, आणि तो आकडा त्याची ओळख असतो. नेमके पाच सेकंद गेले की समजायचं लिनक्सचा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसला नावावरून पत्ता विचारणारा भाग: एका नेमसर्व्हरला (डीएनएस सर्व्हरला) विचारून ५ सेकंद थांबायचं आणि मग पुढच्याकडे जायचं, ही त्याची मुळातली सवय. सहा सेकंद दिसले तर पोस्टस्क्रीन, पोस्टफिक्सचा दारवान. नवख्या पाहुण्याला तो मुद्दाम सहा सेकंद दारात उभा करतो, घाईने आधीच बोलायला लागला तर स्पॅमवाला समजतो. एक, तीन, सात, पंधरा अशी चाल दिसली तर पहिलं सिन (जोडणी मागणारं) पॅकेट कुणीतरी गिळतंय, कारण टीसीपी ते सहसा एक, दोन, चार, आठ सेकंदांच्या अंतराने पुन्हा पाठवतो. तीस सेकंद म्हणजे पोस्टफिक्सने जोडणीचा नाद सोडून पुढचा पत्ता धरला.

या तीस सेकंदांची एक गंमत सांगतो, कारण ती भल्याभल्यांना चकवते. समोरच्याला आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते आहेत, तुमच्या मशीनला आयपीव्ही६ चा पत्ता मिळालाय पण पुढे रस्ताच नाही. पोस्टफिक्स दोन्हींपैकी कुठला आधी घ्यायचा हे चक्क नशिबावर सोडतं, तीच त्याची डीफॉल्ट सेटिंग. त्यामुळे एक मेल झटकन जाते आणि दुसरी तीस सेकंदांनी. लोक दोन दिवस लोड बॅलन्सर तपासत बसतात.

दहा सेकंदांचे मात्र दोन दावेदार आहेत. एक जुन्या जमान्यातला: सिस्कोच्या पिक्स फायरवॉलमधल्या एसएमटीपी तपासणीच्या दोषांवर पोस्टफिक्सने एक तोडगा ठेवलाय, त्यात क्यूमध्ये काही मिनिटं पडून राहिलेली मेल देताना शेवटच्या टिंबाआधी दहा सेकंद थांबतात. ते लॉगमध्ये पिक्सच्या नावानिशी लिहून येतं आणि तुम्ही दिलेल्या लॉगमध्ये तसं काही नाही. दुसरा दावेदार साधा आहे: पाच आणि पाच.

आता तुमची लॉगची ओळ. तिच्यात डिले १०.९ आहे आणि त्याच्यापुढे डिलेज या नावाखाली चार आकडे: ०.४, ०.०१, १०.१, ०.३९. या चौकडीकडे फारसं कुणी बघत नाही, पण निम्मं निदान तिथेच असतं. पहिला आकडा मेल दारात आल्यापासून क्यू मॅनेजरच्या हाती पडेपर्यंतचा. दुसरा क्यू मॅनेजरपाशी गेलेला. तिसरा पुढच्या सर्व्हरशी जोडणी जुळेपर्यंतचा, त्यात डीएनएस, टीसीपी, हेलो आणि टीएलएस सगळं आलं. चौथा प्रत्यक्ष मेल सोपवायचा. अमाविस मध्ये असल्यामुळे तुमच्याकडे प्रत्येक मेलच्या अशा दोन ओळी पडतात: एक अमाविसला, म्हणजे १००२४ पोर्टला दिली तेव्हाची, दुसरी अमाविसने १००२५ वर परत दिल्यावर आतल्या सर्व्हरकडे गेली तेव्हाची. गाळणी मंद असती तर पहिल्या ओळीचा चौथा आकडा फुगला असता. तुमचा फुगलाय तो दुसऱ्या ओळीचा तिसरा. म्हणजे स्पॅमअसॅसिन, क्लॅमएव्ही सगळे सुटले. दुखणं फिल्टर आणि आतला सर्व्हर यांच्या मधल्या जोडणीत आहे.

आणि इथे टेलनेटच्या चाचणीचा घोळ लक्षात येतो. तुम्ही टीएलएसशिवाय तपासलंत ते लोकलहोस्टवर, फिल्टरच्याच पोटात. टीएलएससकट जे मंद वाटतंय ते फिल्टरपासून आतल्या सर्व्हरपर्यंत. दोन गोष्टी एकदम बदलल्या, टीएलएस आणि रस्ता, आणि दोष एकीच्याच माथी गेला. शिवाय लोकलहोस्टचं नाव होस्ट्स फाइलमध्येच लिहिलेलं असतं, तिथे डीएनएसला विचारायची वेळच येत नाही. तेव्हा आता फिल्टरवरून आतल्या सर्व्हरच्या २५ पोर्टला तसंच साधं टेलनेट करा आणि घड्याळ लावा. बॅनरची ती २२० ने सुरू होणारी ओळ यायलाच दहा सेकंद लागले तर विषय संपला. बॅनर टीएलएसच्या आधी येतो. तोवर एन्क्रिप्शनचा एक बाइटही गेलेला नसतो.

माझा अंदाज तोच आहे, आणि त्याचं कारण तुमचा डोमेन कंट्रोलर. बहुतेक कार्यालयांत डोमेन कंट्रोलरच डीएनएस सर्व्हरही असतो. जुना बंद झाला, पण आतल्या मेल सर्व्हरच्या रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलमध्ये, म्हणजे नेमसर्व्हरांच्या यादीत, पहिल्या नंबरवर अजून त्याचाच पत्ता असणार. फिल्टरने दार वाजवलं की आतला सर्व्हर, बॅनर दाखवायच्या आधी, हा कोण आला ते बघतो: आयपी पत्त्यावरून नाव काढतो आणि त्या नावावरून पुन्हा पत्ता काढून दोन्ही जुळतात का ते तपासतो. पहिली विचारणा मेलेल्या मशीनकडे, पाच सेकंद शांतता, मग दुसऱ्या नेमसर्व्हरकडे. दुसरी विचारणा पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पाच. झाले दहा. आतला सर्व्हर पोस्टफिक्स नसून दुसरा काही असेल तरी उलटी विचारणा करणारे सर्व्हर बरेच आहेत, तेव्हा अंदाज तसाच राहतो.

तरीही एक पोटशक्यता उरते: डीएनएसची वाट आतला सर्व्हर बघत नसून फिल्टरच बघत असेल. टीएलएससाठी सर्टिफिकेटवरचं नाव जुळायला हवं म्हणून तुम्ही पुढच्या सर्व्हरचा पत्ता आकड्यांऐवजी नावाने लिहिला असेल, तर आता प्रत्येक जोडणीआधी फिल्टरला ते नाव विचारावं लागतं. ते नाव चौकोनी कंसात नसेल तर पोस्टफिक्स आधी एमएक्स नोंद (मेल कुठल्या सर्व्हरला द्यायची ती) विचारतो आणि मग पत्ता, म्हणजे पुन्हा दोन विचारणा, पुन्हा पाच आणि पाच. या अर्थाने टीएलएस आणि दहा सेकंद यांचा संबंध निघालाच तर असा दूरच्या नात्याचा निघेल.

दोन्हींतलं कुठलं, ते टीसीपीडंप, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणारं हत्यार, सांगेल. फिल्टरवर आतल्या सर्व्हरच्या पत्त्याची आणि पोर्ट ५३ ची, म्हणजे डीएनएसची, पॅकेट्स एकत्र धरा, दोन पॅकेट्समधलं अंतर छापायला सांगा, आणि एक चाचणी मेल सोडा. मग फक्त मोठी फट कुठे पडते ते बघायचं. सिन पॅकेट निघायच्या आधीच फट असेल तर फिल्टरचं डीएनएस. टीसीपी जुळली आणि बॅनरला वेळ लागला तर आतल्या सर्व्हरचं डीएनएस. स्टार्टटीएलएसला “या, तयार आहे” असं उत्तर आल्यानंतर फट पडली तर मात्र टीएलएस किंवा त्याच्या नावाखाली दडलेलं नेटवर्क. पॅकेट वाचायचा कंटाळा असेल तर स्वॅक्स नावाचं छोटं हत्यार वापरा, एसएमटीपीच्या प्रत्येक पायरीला किती वेळ गेला ते छापायचा पर्याय त्यात आहे. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या पोतडीतलं पोस्टटीएलएस-फिंगरही चालेल.

दुरुस्ती करताना एका ठिकाणी पाय घसरतो, तेवढा जपा. डेबियन आणि उबंटूवर पुष्कळदा पोस्टफिक्सचे बरेच भाग चरूटमध्ये, म्हणजे स्वतःच्या कोंडलेल्या फोल्डरमध्ये चालतात, आणि तिथे रिझॉल्व्ह-कॉन्फची वेगळी प्रत असते. तुम्ही बाहेरची फाइल सुधारता, कमांड लाइनवरून नाव विचारून बघता, उत्तर पटकन येतं, आणि पोस्टफिक्स मात्र आत जुनीच प्रत वाचत दहा सेकंद थांबतो. “डीएनएस तर ठीक आहे की” असं म्हणून माणूस पुन्हा सायफरकडे वळतो. पोस्टफिक्स रिस्टार्ट केला की ती प्रत नव्याने उतरते. तरी डोळ्यांनी खात्री करून घ्या. आणि दोन्ही मशीनवर बघा, फक्त एकावर नको.

नेमसर्व्हर जिवंत असूनही पाच सेकंद जातात असंही होतं. नावावरून पत्ता काढताना रिझॉल्व्हर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशा दोन विचारणा एकाच पोर्टवरून लागोपाठ सोडतो, आणि काही फायरवॉल पहिलं उत्तर गेलं की जोडणी संपली असं समजून दुसरं उत्तर टाकून देतात. रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन हा पर्याय टाकला की हा आजार जातो. तुमच्याकडे याची शक्यता कमी, पण पाच सेकंदांचा हिशेब लागत नसेल तर आठवा.

तुमचं काम बहुधा इथेच होईल. पण फट खरोखरच स्टार्टटीएलएसनंतर निघाली तर काय, तेही सांगतो, कारण तिथला सगळ्यात फसवा प्रकार मी जवळून पाहिलाय.

एका कारखान्याचं मुख्य कार्यालय शहरात आणि प्लांट पन्नास-साठ किलोमीटरवर, मध्ये व्हीपीएनचा बोगदा. प्लांटवरचा सर्व्हर मुख्य कार्यालयाच्या फिल्टरला मेल देई. वर्षभर टीएलएस सुरळीत चाललं, मग एके दिवशी बंद. बदल एकच झाला होता: घरी बनवलेलं सर्टिफिकेट काढून मान्यताप्राप्त संस्थेचं बसवलं होतं. साहजिकच सगळे सर्टिफिकेटमागे लागले. मी संध्याकाळी जाऊन पॅकेट बघत बसलो. ईएचएलओ जातंय, उत्तर येतंय. स्टार्टटीएलएस, उत्तर. क्लायंटचा हॅलो जातो. आणि मग फिल्टरकडून १४६० बाइटचं एक पॅकेट निघतं. उत्तर नाही. तेच पॅकेट पुन्हा, जरा वेळाने पुन्हा, मग दुप्पट थांबून पुन्हा. बंद दारावर टकटक करावी तसं. आधीचं घरगुती सर्टिफिकेट इतकं लहान होतं की सर्व्हरचं अख्खं उत्तर बोगद्यात मावणाऱ्या एका पॅकेटात बसायचं. नव्यासोबत मधल्या सर्टिफिकेटची साखळी आली, उत्तर तीन-चार केबींचं झालं, म्हणून पॅकेट काठोकाठ भरून निघायला लागलं, आणि बोगद्याचं तोंड तेवढं रुंद नव्हतं. “पॅकेट मोठं आहे, तुकडे कर” असा आयसीएमपीचा निरोप मधल्या राउटरने परत पाठवला असणार, पण कुणीतरी “सुरक्षेसाठी” फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद केलं होतं. निरोप पोचलाच नाही. बोगद्याच्या राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातल्या मजकुराची कमाल लांबी) १३६० ला बांधला आणि मेल धावायला लागली. सर्टिफिकेटला हातही लावला नाही.

हा आजार टीएलएसमध्येच का दिसतो, ते यावरून कळेल. साध्या एसएमटीपीतल्या सगळ्या आज्ञा पन्नास-साठ बाइटच्या, त्या कुठूनही निसटतात. मोठं पॅकेट पहिल्यांदा निघतं ते सर्टिफिकेट देताना. टीएलएस बंद करून छोटी चाचणी मेल पाठवली तर जाते, आणि निष्कर्ष निघतो “टीएलएसचाच घोळ”. मोठी अटॅचमेंट लावून पाठवून बघितली असती तर तीही तिथेच अडकली असती. अलीकडे याला उलट बाजूनेही पाय फुटलेत. एप्रिल २०२५ मधलं ओपनएसएसएल ३.५ आपण होऊन क्वांटम-सुरक्षित किल्लीचा प्रस्ताव पाठवतं, तो एकटाच १२१६ बाइटचा. त्यामुळे क्लायंटचा पहिला हॅलोच एका पॅकेटात मावेनासा होतो आणि काही जुन्या फायरवॉल दोन तुकड्यांतला हॅलो बघून गोंधळतात. फिल्टर नव्या ओएसवर नेल्यानंतर हँडशेक अडायला लागले तर आधी इथे बघा.

टीएलएसच्या किल्ल्यांना लागणाऱ्या रँडम आकड्यांच्या टंचाईबद्दल जुन्या लेखांत बरंच वाचायला मिळेल. व्हर्च्युअल मशीनला कीबोर्ड-माउस नाही, डिस्कची हालचाल कमी, त्यामुळे कर्नलचा यादृच्छिकतेचा साठा आटायचा आणि देव-रँडम (त्या साठ्याची फाइल) वाचणारा प्रोग्रॅम लटकायचा. ते खरं होतं. पण २०२० मधल्या ५.६ कर्नलपासून एकदा बूट होऊन साठा तयार झाला की तो पुढे अडत नाही. तुमचा कर्नल त्याहून जुना असेल तर व्हर्टआयओची रँडम जोडणी द्या किंवा हॅवेज्ड चालवा, नसेल तर हा विषय सोडून द्या. नव्या कर्नलवर एंट्रॉपीचा, म्हणजे या साठ्याचा, आकडा कायम २५६ दिसतो. जुन्या लेखात “४०९६ असायला हवा” वाचून घाबरू नका. साठ्याचं मापच बदललं.

बाहेरच्या बाजूबद्दलही दोन गोष्टी, कारण आतलं दुखणं बरं झालं की लक्ष तिकडे जाईल. बाहेरून येणाऱ्याला टीसीपी जोडणी लगेच मिळते पण बॅनर येत नाही, आणि डीएनएस ठणठणीत आहे, असं दिसलं तर एसएमटीपीडीच्या (बाहेरची मेल घेणाऱ्या) प्रोसेस मोजा. पोस्टफिक्समध्ये मुळात १०० ची मर्यादा असते. सगळ्या अडकल्या की एकशेएकावा पाहुणा कर्नलच्या रांगेत उभा राहतो, आणि पोस्टफिक्स लॉगमध्ये तशी स्पष्ट ताकीद लिहितो, ती शोधा. आकडा वाढवायच्या आधी त्या शंभरजणी कशात अडकल्यात ते बघा. पुष्कळदा उत्तर स्पॅमच्या ब्लॉकलिस्टमध्ये सापडतं. वर्षानुवर्षं कॉपी-पेस्ट होत आलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये मेलेल्या याद्या तशाच असतात. सॉर्ब्ज जून २०२४ मध्येच बंद झाली, तरी तिचं नाव मला अजून दिसतं. स्पॅमहाउस या यादीला गुगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलंत तर खरं उत्तर मिळतच नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा नकाराचा आकडा परत येतो, आणि तो न ओळखणारं सेटिंग असेल तर चांगली मेलही अडते. फिल्टर सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएस रिझॉल्व्हर) बसवा आणि त्याला पुढे कुणाकडेही फॉरवर्ड करू देऊ नका. माझ्या मते मेल फिल्टरवर हा पर्याय नाही, ही अट आहे.

दुसरी गोष्ट तुमची ४ जीबी रॅम. क्लॅमएव्ही एकटाच एक जीबीच्या वर खातो, आणि ०.१०३ आवृत्तीपासून तो व्हायरसच्या सह्यांचा नवा साठा जुना चालू असतानाच बाजूला भरतो, म्हणजे तेवढा वेळ दुप्पट. मशीन स्वॅपमध्ये गेलं की टीएलएससकट सगळंच मंद होतं. ठरावीक तासांनी काही मिनिटं मंद आणि मग आपोआप ठीक, असं दिसलं तर फ्रेशक्लॅमच्या (या सह्या उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगशी वेळा जुळवून बघा.

एवढं झाल्यावर टीएलएसमध्ये खरोखर काही वाचवायचं असेल तर सायफरच्या यादीपेक्षा दोन जागा मोठ्या आहेत. पोस्टफिक्स ३.४ पासून टीएलएसची उघडलेली जोडणी पुढच्या मेलसाठी पुन्हा वापरता येते, पण तो पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. तुमची सगळी मेल एकाच आतल्या सर्व्हरकडे जाते, तुम्हाला याचा पुरेपूर फायदा. दुसरं, क्लायंटकडून सर्टिफिकेट मागायचा पर्याय कुणी हौसेने चालू केलाय का बघा. तो चालू असेल आणि सीए फाइल म्हणून सिस्टिमचा अख्खा गठ्ठा दिला असेल, तर तुमचा सर्व्हर प्रत्येक पाहुण्याला शंभराहून जास्त संस्थांची नावं वाचून दाखवतो. कारण नसेल तर बंद करा. अमाविसकडे जाणाऱ्या लोकलहोस्टच्या जोडणीवरही सक्तीचं टीएलएस लागलं असेल तर तेही काढा. ती मेल मशीनच्या बाहेर पडतच नाही.

या सगळ्यात एक दिलासा: एसएमटीपीच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याने बॅनरची पाच मिनिटं वाट बघायला हवी, तेव्हा दहा सेकंदांनी तुमची मेल हरवलेली नाही, उशिरा पोचली एवढंच. मात्र तुमच्या ईआरपीसारखे प्रोग्रॅम या फिल्टरमधून बिलं पाठवत असतील तर ते एवढे सोशिक नसतात, त्यांच्या फसलेल्या मेल एकदा तपासा.

तर आज संध्याकाळी आधी फिल्टरवरून आतल्या सर्व्हरला टेलनेट आणि घड्याळ. मग दोन्ही मशीनवरच्या रिझॉल्व्ह-कॉन्फमधून जुन्या डोमेन कंट्रोलरचा पत्ता काढा, दोन्हीकडे पोस्टफिक्स रिस्टार्ट, आणि चाचणी मेलच्या ओळीतला तो तिसरा आकडा बघा. तो अजून दहाच असेल तर टीसीपीडंपमधली तीन अंतरं कळवा: सिन निघायच्या आधीचं, बॅनरच्या आधीचं आणि स्टार्टटीएलएसच्या उत्तरानंतरचं. पत्ते खोडून पाठवलेत तरी चालेल.